हात न लावलेले चौदा फोटो

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही हिने दिली. दुकानात ऑर्डरी लिहायला आणलेली होती. पहिल्या पानावर हिच्या अक्षरात ‘पासपोर्ट आठ प्रती, कान दिसले पाहिजेत’ असं लिहिलंय. मला म्हणाली, “सकाळपासून तेच तेच ऐकतेय. मला नका सांगू, वहीला सांगा. ती उलट बोलत नाही.”

तर वहीबाई, मला भीती वाटते.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर वर्षी सात-आठ चित्रकार मिळून प्रदर्शन भरवतात. यंदा त्यांनी मला घेतलंय. मी मागे लागलो नव्हतो. त्यांचे पुढारी म्हणजे दाढीवाले चित्रकार. परवान्यासाठी फोटो काढायला दुकानात आले होते, तेव्हा कॉम्प्युटरवर हिचे फोटो उघडे राहिले होते. त्याचं असं आहे की दुकान उघडलं त्या दिवशी एकही गिऱ्हाईक नव्हतं. लाइट तपासायला कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून ही बसली. तेव्हापासून दर वर्षी त्याच तारखेला तीच खुर्ची, तीच खिडकी, तीच लेन्स आणि ही. तेरा फोटो झालेत. येत्या शुक्रवारी चौदावा.

दाढीवाले बघत उभे राहिले आणि म्हणाले, “अहो पासपोर्ट, हे काय लपवून ठेवलंत?” त्या मंडळींत मला सगळे पासपोर्टच म्हणतात. झालं, चौदाही फोटो एका रांगेत लावायचे ठरले.

आयुष्यभर लोकांना भिंतीसमोर बसवलं, आता मीच भिंतीवर जाणार. कुणी म्हणेल, हा तर ‘मान सरळ, हसू नका’वाला, ह्याला कुणी आत घेतलं?

हिला काही नाही त्याचं. मजेत आहे. फक्त आवाज बसलाय, दोन महिने झाले. दुकानाचा फोन उचलला की लोक हिलाच साहेब म्हणतात. आज एकजण म्हणाला, “साहेब, जरा बाईंना द्या ना.” आम्ही दोघं पोट धरून हसलो. हवा बदलतेय, दुसरं काय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदावा झाला. दुकान अकरापर्यंत बंद ठेवलं. ही खुर्चीत बसल्या बसल्या दर वर्षीचं वाक्य म्हणाली, “लवकर हं, गॅसवर दूध ठेवलंय.” चौदा वर्षांत एकदाही गॅसवर दूध नव्हतं.

हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली. पूर्वी सांगावं लागत नसे. अलीकडे सांगतो, म्हणजे मान थोडी झाकली जाते. म्हणाली, “खाली घेतली की दाबल्यासारखं होतं हो.” म्हटलं, दोन मिनिटं कळ काढ. गळ्यातली साखळीही घातली नव्हती, टोचते म्हणे. साखळी असली की बघणाऱ्याची नजर तिच्यावर जाते, म्हणून मी आग्रह केला. पण ऐकेल तर ही कसली!

आता लिहितो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी मी हिला मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, “गिऱ्हाइकांच्या तोंडावरून कॉम्प्युटरवर रोज हात फिरवतो, तुझ्या फोटोला हात लावणार नाही. जशी आहेस तशी.” ही एवढी खूश झाली की आल्यागेल्याला सांगत सुटली. अजून सांगते. दुसऱ्या वर्षी डोळ्यांखाली काळं दिसत होतं, तेवढंच काढलं. तिसऱ्या वर्षी कपाळावरची रेघ. मग सवयच लागली. मूळ फोटो एका फोल्डरमध्ये आहेत, त्याचं नाव ‘मूळ’. हात फिरवलेले दुसऱ्यात, त्याचं नाव ‘तयार’. घरातल्या अल्बमात जातात ते ‘तयार’. हिला कधी कळलं नाही. आणि वाईट हेतू नव्हता हो. आपलं माणूस चांगलं दिसावं एवढंच.

चेहऱ्याला पाच मिनिटं पुरतात. वेळ जातो तो मानेवर. उजव्या बाजूला एक सावली पडते, ती पूर्वी पडत नव्हती. दिवा हलवून पाहिला, पडदा बदलला, खालून पांढरा पुठ्ठा धरला. जात नाही म्हणजे नाही. माझंच लाइटिंग बिघडत चाललंय. गेल्या वर्षी ती काढायला वीस मिनिटं लागली होती, आज चाळीस लागली. छान झाला शेवटी. मान एकदम साफ.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज दाढीवाल्यांच्या घरी बैठक. मी कोपऱ्यात चहाचा कप धरून बसलो होतो. ग्रुपमध्ये एक मातीची भांडी करणारी बाई आहे, सगळे तिला मातीवाली म्हणतात. ती एकटी माझ्याशी धड बोलते. म्हणाली, “अहो, कप खाली ठेवा, हातातच थंड झाला.”

मग दाढीवाल्यांनी माझ्या फोटोंखाली लावायची पाटी वाचून दाखवली. ‘चौदा वर्षं. एक खुर्ची. एक खिडकी. कोणताही हात न लावलेले फोटो.’

विचारलं, “शेवटची ओळ कशाला?” तर म्हणाले, “तेच तर सगळं आहे त्यात! वहिनींनीच सांगितलं मला, हे माझ्या फोटोला हात लावत नाहीत म्हणून. वा, काय बोलल्या!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

हॉलमध्ये चांगले जाणकार लोक येतात. एकाने जरी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाला की ही मान संगणकावर घासलेली आहे, तर? सगळ्यांदेखत. हिच्यादेखत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिंटवाल्याकडे पेनड्राइव्ह देऊन आलो. घाई केली, मागे गिऱ्हाईक थांबलं होतं आणि डोक्यात ती पाटी. प्रिंट आणि फ्रेम दोन्ही तोच करणार, थेट हॉलवर आणून देणार. वाटेत तीन वेळा थांबलो, पाटी बदला म्हणून सांगायला दाढीवाल्यांना फोन लावला आणि तिन्ही वेळा ‘तब्येत कशी आहे’ विचारून ठेवून दिला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “माझी बरी आहे, तुमची बघा.”

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्या हातून भलतंच झालंय.

दुपारी हॉलवर फ्रेमा आल्या. मातीवाली आणि मी कागद फाडत होतो. पहिली फ्रेम ठीक. दुसरी बघितली तर डोळ्यांखाली काळं. तिसरी बघितली, कपाळावर रेघ. बाकीच्या भराभर उघडल्या. चौदाच्या चौदा ‘मूळ’! प्रिंटवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “साहेब, तुमच्या पेनड्राइव्हवर एकच फोल्डर होतं.” बरोबर आहे त्याचं. मीच चुकीचं टाकलं. उद्या संध्याकाळी उद्घाटन, दुसरे प्रिंट होणं शक्य नाही.

दाढीवाले भिंतीपासून मागे जाऊन बघत राहिले. मग म्हणाले, “ही पाटी मी उगीच लिहिली नाही.”

म्हणजे पाटी खरी झाली. त्या बाजूने जीव भांड्यात पडायला हवा. पण आता दुसरीच धाकधूक. हे फोटो हिने कधी पाहिलेलेच नाहीत. हिला वाटतं अल्बमात आहेत तेच भिंतीवर आहेत.

आणि माझा कमीपणा तर उघड्यावर मांडलाय. पहिल्या आठ फोटोंत मान स्वच्छ. नवव्यापासून मानेवरची ती सावली दिसायला लागते, दहाव्यात जास्त, अकराव्यात त्याहून जास्त, चौदाव्यात तर खालून गोल फुगल्यासारखी. माझं लाइटिंग कसं वर्षावर्षाने घसरत गेलं हे रांगेने लावून दाखवलंय. एकेकटा फोटो करताना एवढं जाणवलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्घाटन झालं. भाषणं झाली, मला काही ऐकू आलं नाही. मी दरवाज्याजवळच्या खांबाला चिकटून उभा होतो.

ही नवी साडी नेसून, गळ्याभोवती ओढणीसारखं काहीतरी गुंडाळून आली. लोकांनी ओळखलं, बायका भोवती जमल्या. ही हसत हसत एक नंबरपासून बघायला लागली. पाचव्या-सहाव्यापर्यंत हसत होती. नवव्यापाशी थांबली. दहाव्यापाशी थांबली. अकराव्यासमोर उभी राहिली ती हललीच नाही. तिथे तिने हात वर नेऊन ओढणीच्या आत घातला.

मी खांबामागे गेलो. दुसरं काय करणार? चौदा वर्षं ज्या बाईला मी सुंदर करून दाखवलं, ती भर हॉलमध्ये म्हातारी दिसली तिला स्वतःला. कुठल्या बाईला आवडेल? घरी येताना रिक्षात ही ओढणी गळ्याशी धरूनच बसली होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कपाटातला अल्बम जागेवर नाही.

मी विचारलं नाही. विचारलं की विषय निघणार. सकाळी ही म्हणाली, “आज दुकानात येत नाही, पडते जरा.” चेहरा उतरलेला होता. हिने पकडलंय मला. कधी बोलेल याची वाट बघत दिवस काढला. एका गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले आले तेही लक्षात आलं नाही, परत बोलवावं लागलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये अभिप्रायाची वही ठेवलीय. मी तिच्या वाऱ्याला उभा राहत नव्हतो. आज मातीवालीने बळेच आणून समोर धरली. “वाचा, चांगलं लिहिलंय लोकांनी.” लिहिलंय खरं. ‘फार प्रामाणिक.’ हे ज्याने लिहिलं त्याला काय माहीत!

त्यातच एक मजकूर आहे, मोठ्या घाईच्या अक्षरात. ‘चौदा फोटोंच्या फोटोग्राफरांनी कृपया मला फोन करावा. महत्त्वाचं आहे.’ खाली नंबर. नाव नाही, काही नाही.

पाचावर धारण बसली. कोण असेल? कुणीतरी जुनं गिऱ्हाईक, ज्याने आमच्या घरी तो अल्बम बघितलेला आहे? हिने चारचौघींना दाखवलाच आहे अल्बम. त्यांतल्याच एकीने ताडलं असणार की घरातले वेगळे आणि भिंतीवरचे वेगळे. आता फोनवर जाब विचारणार, कुठले खरे? मातीवाली म्हणाली, “लावा ना फोन, खाणार आहे का कुणी?” म्हटलं, लावतो घरी जाऊन.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लावला नाही. नंबर चार वेळा दाबला आणि खोडला. ही शेजारच्या खोलीत होती. खोकत होती. जेवताना घास अडकला तर पाणी प्यायली आणि डोळे पुसले. म्हटलं, काय झालं? म्हणाली, “काही नाही.”

मग म्हणाली, “अहो, तुमच्याशी बोलायचंय.”

मी म्हटलं, प्रदर्शन संपू दे. शुक्रवारी संपतंय.

ती बरं म्हणाली. किती घाबरट आहे मी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं क्रमाने लिहायला हवं.

चार वाजता हॉलवर गेलो तर माझ्या रांगेसमोर एक बाई उभी. पन्नाशीची, चष्मा डोक्यावर चढवलेला. मातीवालीने मला पुढे ढकललं, “हेच ते.” बाई वळली आणि म्हणाली, “मी वहीत नंबर लिहिला होता. वाट बघितली तुमची.” काहीतरी पुटपुटलो.

तिने विचारलं, “फोटोतल्या बाई आहेत ना?”

मला समजेना. “आहेत म्हणजे?”

“हयात आहेत ना?”

“घरी आहे,” म्हटलं, “माझी बायको आहे ती.”

तिने श्वास सोडला. “मी घशाची डॉक्टर आहे. गळ्याच्या गाठींच्या शस्त्रक्रिया करते. इकडे या.” आणि मला हाताला धरून नवव्या फोटोपाशी नेलं. “इथे सुरुवात आहे. ही दहा. ही अकरा. बारामध्ये कडा स्पष्ट दिसते. इथून पुढे हनुवटी खाली घ्यायला लागल्या आहेत. त्या स्वतः घेतात का?”

“मी सांगतो,” म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. “गिळायला त्रास? आवाज कसा आहे?”

मी म्हटलं, फोनवर लोक तिला साहेब म्हणतात. नेहमीच्या सवयीने हसायला गेलो. कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उद्या सकाळी नऊ वाजता घेऊन या. परवा नाही, उद्या.”

सावली नव्हती ती. तिथे कधी सावली नव्हतीच. मी सहा वर्षं दिवे हलवत होतो. लोकांच्या तोंडावरचा तीळ मला दहा फुटांवरून दिसतो, आणि घरच्या माणसाच्या गळ्यावर गाठ वाढतेय ते मला दिसलं नाही. दिसलं, आणि मी ते पुसलं.

पळत घरी आलो. ही जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. पुढ्यात अल्बम उघडा, आणि शेजारी मोबाइल. मोबाइलमध्ये भिंतीवरच्या फोटोंचे फोटो. हिने उद्घाटनाच्या दिवशीच काढून घेतले होते. मी बूटसुद्धा काढले नव्हते. हिने अल्बमातल्या अकराव्यावर एक बोट ठेवलं, मोबाइलवरच्या अकराव्यावर दुसरं, आणि त्या बसलेल्या आवाजात विचारलं, “यातली माझी मान कुठली?”

सांगितलं सगळं. दुसऱ्या वर्षापासूनचं, डोळ्यांखालच्या काळ्यापासूनचं. डॉक्टरीणबाईंचंही सांगितलं. ही ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल. निदान अल्बम फेकून मारेल.

म्हणाली, “तीन वर्षांपूर्वी अंघोळीच्या वेळी हाताला लागलं होतं काहीतरी. आरशात काही कळेना. आरशात रोज कालच्याएवढंच दिसतं. म्हटलं, फोटोत बघावं. यांनी माझ्या फोटोला हात लावलेला नसतो. एक दुपार बसून पहिल्यापासून सगळे लावून बघितले, याच टेबलावर. मान तश्शीच. म्हटलं, उगीच मनाचे खेळ. आणि मग नाही गेले डॉक्टरकडे.”

मी खाली बसलो.

ती म्हणाली, “तुम्ही एकदा नुसतं म्हणाला असतात ना, अगं, तुझ्या मानेवर काय आलंय बघ. त्याच दिवशी गेले असते हो.”

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर दवाखाना. मशीनवर पाहिलं, गाठीत सुई घालून तपासायला घेतलं. ही माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. “पिशवी द्या.” “चष्मा कुठाय.” एकदाच फुटली, रिक्षात. “चौदा वर्षं लोकांना सांगत फिरले मी. शहाण्यासारखी.”

मी बाहेर बघत बसलो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रदर्शन संपलं. दाढीवाल्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, की माझा यात काही मोठेपणा नाही, मी चुकीचं फोल्डर दिलं होतं, मला साफ केलेलेच फोटो लावायचे होते. वाटलं होतं, पुन्हा हॉलची पायरी चढू देणार नाहीत. ते दाढी कुरवाळत राहिले. म्हणाले, “वहिनी कशा आहेत?” दुसरं काही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंना नऊ ते चौदा नंबरचे फोटो तारखांसकट हवे आहेत, गाठ किती वेगाने वाढली ते बघायला. मी आणि मातीवालीने त्या सहा फ्रेमा उतरवल्या आणि रिक्षातून दवाखान्यात नेल्या. त्यांनी तपासणीच्या खोलीत भिंतीला टेकवून ओळीने जमिनीवर मांडल्या आणि पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसल्या. दोन शिकाऊ डॉक्टर वाकून बघत होते. याहून जवळून माझे फोटो कुणी पाहिलेले नाहीत.

३ मार्च, मंगळवार

सुईच्या तपासणीत कर्करोगाची दाट शंका आहे म्हणतात. सोमवारी शस्त्रक्रिया. आवाजाच्या नसेला गाठ चिकटलेली असणार, म्हणून आवाज गेला. ती नस वाचेल की नाही ते उघडल्यावरच कळेल. गाठ कुठवर पसरलीय तेही नंतर, काढलेला भाग तपासल्यावर.

मी विचारलं, “तीन वर्षांपूर्वी आलो असतो तर?” डॉक्टरीणबाई कागद लिहीत होत्या. म्हणाल्या, “नस मोकळी असती, बहुतेक.” मग पेन ठेवून म्हणाल्या, “आता आलात ते बघा.”

ही बाहेर बाकावर होती. जाऊन तिला सांगितलं, “ठीक होईल म्हणाल्या.” असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. तिने माझ्याकडे एवढा वेळ पाहिलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.

९ मार्च, सोमवार

आत नेलंय. साडेनऊ झालेत. दाराशी नेताना मला म्हणाली, “गॅसवर दूध नाहीये आज. सावकाश होऊ द्या.” मी हसलो आणि मग रडायला लागलो, तिथेच, सगळ्यांसमोर.

सव्वा बारा. कुणी बाहेर येत नाही. दार उघडलं की उठून उभा राहतो, आणि कुणीतरी दुसऱ्याचंच नाव पुकारतं.

दोन वाजता आल्या. गाठ काढली. नस ओढली गेलीय, पण तुटलेली नाही. आवाज येईल की नाही सांगता येत नाही. आठ दिवस अजिबात बोलायचं नाही.

११ मार्च, बुधवार

गळ्याला आडवी पट्टी. त्यातून एक बारीक नळी. तिला बोलायला मनाई, म्हणून खुणा करते आणि मला एकही कळत नाही. आज हात हवेत फिरवून काहीतरी मागत होती. मी पाणी दिलं, उशी दिली, खिडकी लावली. शेवटी कपाळाला हात लावून तिने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. पेन हवं होतं. आणि कागद.

घरून कोरा कागद आणतो म्हटलं तर मान हलवली, दुखलं, डोळे मिटून घेतले. मग बोट पिशवीकडे केलं. पिशवीत ही वही. दुसरं काहीच नव्हतं.

दिली. शेवटचं कोरं पान उघडून दिलं. तिने पहिलं पान उघडलं.

मी म्हटलं, “ते नको, ते उगीच आपलं माझं...” तिने नुसती बोटाने दाराकडे खूण केली. ही खूण मात्र लगेच कळली. तासभर व्हरांड्यात उभा होतो. आता परत मिळालीय वही, ती झोपल्यावर. सहा तारखेच्या पानावर ‘चाळीस लागली’ या शब्दांखाली दोन रेघा मारल्या आहेत. पुढच्या पानावर हिचं अक्षर आहे. ते तसंच राहू देतो.

*सगळं वाचलं. पहिल्या पानावर कान दिसले पाहिजेत लिहिलं होतं, मान दिसली पाहिजे असं लिहायला हवं होतं मी.*

*मला राग आहे. तो लवकर जायचा नाही. गेला की सांगेन.*

*तुम्ही एकटेच घाबरता असं समजू नका. मी वीस तारखेला हॉलमध्ये अकरा नंबरसमोर जेवढी घाबरले तेवढी कधी घाबरले नव्हते. तुम्ही खांबामागे होतात. मी बघितलं.*

*त्या दिवशी बाकावर तुम्ही ‘ठीक होईल म्हणाल्या’ असं म्हणालात. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. मंगळवारी मोठा रिपोर्ट येईल. तुम्हीच आणायला जाल, तुमच्याच हातात देतील. आत येऊन मला वाचून दाखवा. असेल तसा. हात लावू नका.*

१७ मार्च, मंगळवार

रिपोर्ट अकराला मिळाला. पाकीट चिकटवलेलं होतं. खालच्या मजल्यावर मिळालं आणि ही दुसऱ्या मजल्यावर, मध्ये दोन जिने. पहिल्या जिन्यावर उभा राहिलो. पाकिटाच्या कडेखाली अंगठा गेला होता. एकदा डोळ्यांखालून घातलं की निदान आवाज सावरता येईल, कुठे थांबायचं ते कळेल, एखादं वाक्य हळू म्हणता येईल. हेच मी सहा वर्षं करत आलो. अंगठा काढला.

वर गेलो. ही उशीला टेकून बसली होती. नळी काल काढली, टाके उघडे आहेत. काळ्या दोऱ्याची आडवी ओळ, उजवीकडे जास्त सुजलेली. तिच्यासमोर पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा वाचलं ते तिच्याबरोबरच.

नाव वाचलं, वय वाचलं. गाठ कर्करोगाची आहे, वाचलं. हळू वाढणारा प्रकार आहे, वाचलं. गाठ कडांपर्यंत पूर्ण निघाली आहे. इथे मला थांबायचं होतं. देवाशप्पथ, इथे कागद घडी करून ‘पूर्ण निघाली गं’ म्हणून तिचा हात धरायचा होता. खाली अजून एक ओळ होती.

वाचली. मानेतल्या काढलेल्या सात ग्रंथींपैकी दोनमध्ये रोग आढळला आहे. पुढील उपचार आवश्यक.

‘दोनमध्ये’ म्हणताना माझाच आवाज फुटला. तिला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बोलायची मनाई आजपर्यंत आहे, म्हणून तिने दोन बोटं वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“हो,” म्हटलं. “दोन.”